वेबवरच्या कोर्टाच्या तारखा थंडरबर्डमध्ये आणल्या, तर सोमवारची तारीख रविवारी दिसतेय

कृष्णाकाठ
रविवार, ९ मार्च २०२५, रात्री ९:१४

नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे, पण अर्धवट सांगितला तर उत्तरही अर्धवटच मिळेल, म्हणून सगळं लिहिते.

माझे वडील कराडला वकिली करतात. मी स्वतः वकील नाही. बी.कॉम. झाल्यापासून, म्हणजे गेली सहा वर्षं, त्यांचं ऑफिस मी सांभाळते. टायपिंग, फायली, पक्षकारांचे फोन, आणि सगळ्यांत जोखमीचं काम म्हणजे तारखा. आप्पांची लाल कापडी बांधणीची डायरी आहे. कोर्टातून आले की ते चहाआधी डायरीत पुढच्या तारखा लिहितात आणि मी त्या संगणकावर चढवते. त्यासाठी चार वर्षांपूर्वी वकिलांसाठीची एक वेब प्रणाली घेतली होती. ब्राउझरमध्ये उघडायची, वर्षाला पैसे भरायचे. यंदा त्यांनी वर्गणी दुपटीच्या वर नेली. शिवाय आमच्याकडे दुपारचं नेट गेलं की गेलंच. पक्षकार समोर बसलेला असतो, गावाकडनं दोन एसट्या बदलून आलेला, आणि मला त्याची पुढची तारीख सांगता येत नाही. म्हणून आता सगळं ऑफिसच्या संगणकावर, थंडरबर्ड या मेल बघायच्या प्रोग्रॅमच्या कॅलेंडरमध्ये आणायचं ठरवलंय. वेबवरचं खातं ३१ मार्चला बंद होईल. आदल्या दिवशी पाडवा. पाडव्याला नव्या जागी सुरुवात करावी असं आप्पांच्या मनात आहे.

वेब प्रणालीत ‘एक्स्पोर्ट’ दाबलं, आयसीएस फाइल (कॅलेंडरच्या सगळ्या नोंदींची) मिळाली. थंडरबर्डमध्ये इम्पोर्ट केली. नोंदी आल्या, बरं वाटलं. मग एप्रिल महिना उघडला, तर रविवार २० एप्रिलला सात तारखा! आमचं कोर्ट रविवारी बंद असतं. डायरी काढून पाहिली. त्या सातही सोमवारच्या, २१ एप्रिलच्या आहेत. त्यांत एका वाटपाच्या दाव्यात आप्पांचा उलटतपास आहे, ज्याची तयारी ते महिनाभर करतायत.

सगळंच एक दिवस मागे गेलंय म्हणावं, तर तसंही नाही. ज्या नोंदींना मी वेळ घातली होती (जामिनाचे अर्ज, ऑफिसात पक्षकारांच्या भेटी) त्या योग्य दिवशीच आहेत, पण वेळ चुकलीय. सकाळी अकराची नोंद पहाटे साडेपाचला दिसते. संगणकाचं घड्याळ बरोबर आहे, भिंतीवरच्या घड्याळाशी मी ताडून पाहिलं.

आणखी दोन गोष्टी. गडबड झाली म्हणून मी पुन्हा एक्स्पोर्ट करून पुन्हा इम्पोर्ट केलं, तर आता प्रत्येक नोंद दोनदा दिसते. आणि मधे एकदा ती फाइल स्प्रेडशीटमध्ये उघडून सेव्ह केली होती, तिच्यात सगळ्या मराठी नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं आहेत. वेबवर नोंदी ४१२ आहेत, फाइलमध्ये त्याहून कमी वाटतात, नक्की किती ते कळत नाही.

माझा साधा प्रश्न: सगळ्या नोंदी एकदम एक दिवस पुढे ढकलण्याचा काही मार्ग आहे का?


ओळंबा
रविवार, ९ मार्च २०२५, रात्री १०:०२

ताई, आधी एकच विनंती. सगळ्या नोंदी सरसकट पुढे ढकलू नका. तुम्हीच लिहिलंय की वेळ घातलेल्या नोंदींचा दिवस बरोबर आहे. त्यासुद्धा पुढे गेल्या तर बरोबर असलेल्या तारखा चुकतील, आणि त्या उशिराच्या बाजूला चुकतील. एक दिवस आधी दिसलेली तारीख फार तर एक हेलपाटा घालायला लावते. एक दिवस नंतर दिसलेली तारीख दावा घालवू शकते.

माझा अंदाज असा आहे की तुमच्याकडे दोन वेगवेगळे दोष एकाच वेळी आहेत आणि दोन्हींचं मूळ साडेपाच तासांत आहे. खात्री करायला तीन गोष्टी सांगा.

पहिली: त्याच थंडरबर्डमध्ये मेल येत असतील तर आलेल्या मेलची वेळ बघा. आत्ता आलेला मेल साडेपाच तास आधीचा दिसतोय का?

दुसरी: विंडोजच्या तारीख-वेळेच्या सेटिंगमध्ये टाइमझोन कुठला आहे? घड्याळाचे आकडे बघू नका, झोनचं नाव बघा.

तिसरी: वेबवरून नव्याने उतरवलेली, कशातही न उघडलेली आयसीएस फाइल घ्या. तिची एक प्रत काढून बाजूला ठेवा आणि तिला हात लावू नका. दुसरी प्रत नोटपॅडमध्ये उघडा. त्यात २१ एप्रिलची एक नोंद आणि अकराच्या वेळेची एक नोंद शोधा, आणि ‘डीटीस्टार्ट’ने सुरू होणारी ओळ (नोंद कधी सुरू होते ते सांगणारी) दोन्हींत कशी आहे ते इथे लिहा. पक्षकारांची नावं लिहू नका. आणि एक, ‘आयसीएस दुरुस्त करून मिळेल’ म्हणणाऱ्या कुठल्याही साइटवर ही फाइल चढवू नका.


रुळांवरून
सोमवार, १० मार्च २०२५, सकाळी ७:३०

एवढा उपद्व्याप कशाला? बहुतेक वेब कॅलेंडरांना आयसीएसचा एक पत्ता असतो. तो पत्ता थंडरबर्डमध्ये ‘नेटवर्कवरचं कॅलेंडर’ म्हणून द्यायचा, नोंदी आपोआप येतात. मी माझ्या नातवंडांच्या शाळेचं वेळापत्रक असंच बघतो. फाइल उतरवणं नाही, इम्पोर्ट नाही, दुहेरी नोंदी नाहीत.

बाकी साडेपाच तासांचा विषय निघाला म्हणून सांगतो. मी रेल्वेतून निवृत्त झालो, वेळ हा आमचा जिव्हाळ्याचा विषय. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरून काढतात. पंधरा अंशांना एक तास, म्हणून साडेपाच तास. १९०६ पासून ती लागू आहे. तरी मुंबईने आपली स्वतःची वेळ १९५५ पर्यंत धरून ठेवली होती, ३९ मिनिटं मागची. एका गावात दोन वेळा म्हणजे काय गोंधळ होत असेल, त्याची कल्पना ताईंना आज येत असेल.


कृष्णाकाठ
सोमवार, १० मार्च २०२५, रात्री ८:४०

दोघांचेही आभार. काका, पत्त्याची सोय वेबवर आहे, पण खातंच ३१ तारखेला बंद होतंय. मग तो पत्ता चालू राहील का?

ओळंबा, तुमच्या तीन प्रश्नांची उत्तरं.

मेल: हो! दुपारी साडेचारला आलेला मेल अकरा वाजता आलेला दिसतो. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. साताऱ्याच्या एका वकीलसाहेबांनी मागे म्हटलं होतं की तुमच्या ऑफिसचे मेल पुढच्या वेळेचे येतात. मला वाटलं त्यांच्याकडे काहीतरी असेल.

टाइमझोन: नुसतं ‘यूटीसी’ लिहिलंय. दिवाळीत विंडोज नव्याने घातलं होतं. ज्यांनी घातलं त्यांनी बहुधा घड्याळ हाताने लावलं. वेळ आपोआप घेण्याचं बटण बंद आहे.

फाइल: २१ एप्रिलच्या नोंदीत ‘डीटीस्टार्ट, अर्धविराम, व्हॅल्यू=डेट, विसर्ग’ आणि पुढे २०२५०४२० असं आहे. म्हणजे फाइलमध्येच २० तारीख आहे! त्याखाली ‘डीटीएंड’च्या ओळीत २०२५०४२१ आहे. वेबच्या पडद्यावर मात्र हीच नोंद २१ ला दिसते. अकराच्या नोंदीत ‘डीटीस्टार्ट’पुढे विसर्ग, मग २०२५०४२२टी०५३००० आणि शेवटी झेड.

आणखी एक दिसलं. लांब मराठी मजकूर दोन-तीन ओळींत तुटलाय, आणि काही ओळींच्या शेवटी काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह आहे. सगळीकडे नाही, मधूनमधून.


ओळंबा
सोमवार, १० मार्च २०२५, रात्री ११:२५

आता चित्र स्पष्ट झालं. नीट सावकाश लिहितो.

आयसीएस हा कॅलेंडरांच्या देवाणघेवाणीचा साधा मजकुरी साचा आहे. १९९८ च्या आरएफसी २४४५ या इंटरनेटच्या नियमपत्रात तो आला आणि २००९ च्या आरएफसी ५५४५ मध्ये सुधारला. त्यात वेळ लिहायच्या निरनिराळ्या रीती आहेत. तुम्हाला दोनच लागतील. एक, शेवटी झेड असलेली वेळ. झेड म्हणजे यूटीसी, जगाची प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची. तुमचे सकाळचे अकरा म्हणजे यूटीसीचे साडेपाच, म्हणून ०५३०००. ही नोंद फाइलमध्ये शंभर टक्के बरोबर आहे. तुमचा संगणक स्वतःला यूटीसीत समजतोय, त्यामुळे तो साडेपाच हेच आकडे जसेच्या तसे दाखवतो. घड्याळाचे काटे बरोबर, पण घड्याळ कुठल्या देशाचं ते चुकीचं. विंडोजमध्ये झोनच्या यादीतून चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली ही ओळ निवडा. घड्याळ लगेच साडेपाच तास पुढे उडी मारेल, घाबरू नका, वेळ आपोआप घेण्याचं बटण चालू करा, ते जागेवर येईल. मग थंडरबर्डच्या सेटिंगमध्ये कॅलेंडरच्या भागात टाइमझोन आशिया/कोलकाता झालाय ना ते बघा. एखाद्या फाइलमध्ये आशिया/कलकत्ता असं जुनं नाव दिसलं तर ते तेच आहे. वेळेच्या सगळ्या नोंदी याने जागेवर येतील, फाइलला हात न लावता.

दुसरी रीत म्हणजे व्हॅल्यू=डेट. अख्ख्या दिवसाची नोंद. तिला झोन नसतो, वेळ नसते, नुसती तारीख. तुमच्या वेब प्रणालीने इथे घोळ घातलाय. तिच्या पोटात २१ एप्रिलची नोंद ‘२१ एप्रिल, मध्यरात्री बारा’ अशी ठेवलेली असणार. एक्स्पोर्ट करताना तिने ती यूटीसीत नेली. आपली मध्यरात्र म्हणजे यूटीसीची आदल्या दिवशीची संध्याकाळचे साडेसहा. मग वेळ कापून टाकून नुसती तारीख ठेवली, तर उरली २० एप्रिल. हा दोष फाइलमध्येच असल्याने कुठलंही सेटिंग बदलून जाणार नाही. पडद्यावर बरोबर दिसतं, कारण तिथे ती पुन्हा साडेपाच तास मिळवून दाखवते. अमेरिकेतल्या वापरणाऱ्याला हा दोष दिसतच नाही. त्यांची मध्यरात्र यूटीसीत गेली तरी त्याच तारखेला राहते. आपल्यासारख्या पूर्वेकडच्यांच्याच वाट्याला तो येतो, म्हणून असे दोष वर्षानुवर्षं टिकतात.

म्हणजे फक्त व्हॅल्यू=डेटच्या ओळी एक दिवस पुढे न्यायच्या. झेडवाल्या ओळींना स्पर्श नाही. डीटीस्टार्ट आणि डीटीएंड दोन्ही हलवा. अख्ख्या दिवसाच्या नोंदीत डीटीएंड म्हणजे संपल्यानंतरचा पहिला दिवस, तो नोंदीत धरत नाहीत. २१ तारखेची एका दिवसाची नोंद २१ ते २२ अशी लिहितात. नुसती सुरुवात हलवलीत तर २१ ते २१ अशी शून्य लांबीची नोंद होईल.

पण त्याआधी ती काळी चौकट. हा खास आपला मराठीचा त्रास. साचा सांगतो की एक ओळ ७५ बाइटपेक्षा लांब नसावी. लांब झाली तर तोडायची आणि पुढच्या ओळीची सुरुवात एका रिकाम्या जागेने करायची. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो. देवनागरीत प्रत्येक अक्षराला, काना-मात्रा-वेलांटीला, हलन्तालाही वेगळे तीन-तीन बाइट. म्हणजे २५ चिन्हांतच ओळ भरते. तुमची वेब प्रणाली बाइट मोजते, पण अक्षर कुठे संपतं ते बघत नाही, त्यामुळे कधीकधी अक्षराच्या मधोमध ओळ तुटते. एक तुकडा या ओळीत, दोन पुढच्या. अशी फाइल युनिकोड म्हणून उघडून सेव्ह केली की ते अक्षर कायमचं गेलं.

उपाय: नोटपॅड++ हा मोफत संपादक उतरवा. फाइल उघडा, एन्कोडिंगच्या मेनूत एएनएसआय निवडा. ‘कन्व्हर्ट’ असं लिहिलेलं काही दाबू नका, नुसतं एएनएसआय. मराठीच्या जागी डोक्यावर रेघा-टोप्या असलेली युरोपी अक्षरं दिसतील. ती दिसू द्या, आतले बाइट शाबूत आहेत. आता शोधा-बदलाच्या खिडकीत ‘एक्स्टेंडेड’ पर्याय घेऊन, ओळ संपल्याची खूण आणि तिच्यामागची एक रिकामी जागा मिळून शोधा आणि त्या जागी काहीही ठेवू नका. तुटलेल्या ओळी सांधल्या जातील. सेव्ह करा, बंद करा, पुन्हा उघडून यूटीएफ-८ (युनिकोड) निवडा. अक्षरं अख्खी दिसली पाहिजेत. ओळी ७५ च्या वर गेल्या तरी थंडरबर्ड तक्रार करत नाही.

तुमच्या स्प्रेडशीटमधून सेव्ह झालेल्या फाइलचं मात्र काही होऊ शकत नाही. युरोपी अक्षरं दिसली तर मजकूर नुसता चुकीचा वाचला गेलेला असतो, तो परत मिळतो. प्रश्नचिन्हं दिसली तर मजकूर पुसला गेलेला असतो. ती फाइल काढून टाका.

आता तारखा. तुम्हाला प्रोग्रॅमिंग येत नाही असं धरून लिब्रेऑफिस कॅल्क या स्प्रेडशीटमधली रीत सांगतो. सांधलेल्या फाइलचा सगळा मजकूर कॉपी करून कॅल्कच्या ए स्तंभात चिकटवा. विचारेल तेव्हा सगळे विभाजक बंद ठेवा आणि स्तंभाचा प्रकार ‘मजकूर’ करा. बी स्तंभात सूत्र: ए मधल्या ओळीची पहिली १९ अक्षरं ‘डीटीस्टार्ट;व्हॅल्यू=डेट:’ असतील, तर ती १९ तशीच ठेवून, विसाव्यापासूनची चार वर्ष, पुढची दोन महिना, पुढची दोन दिवस अशी धरून तारीख बनवायची, एक मिळवायचा आणि पुन्हा आठ आकड्यांत लिहायची. डीटीएंडला तेच, फक्त तिथे पहिली १७ अक्षरं. बाकी सगळ्या ओळी जशाच्या तशा. इफ, लेफ्ट, मिड, डेट आणि टेक्स्ट एवढ्या सूत्रांत होतं, तुमचं बी.कॉम. आहे, तुम्हाला जड नाही. शोधा-बदला वापरून एकेक तारीख बदलायच्या मोहात पडू नका. २० चे २१ केलेत आणि मग २१ चे २२ करायला गेलात, की आधी बदललेल्याही पुन्हा पुढे जातात. ३० एप्रिलचा १ मे होणंही कॅल्क स्वतः बघून घेतो.

बी स्तंभ नोटपॅड++ मध्ये चिकटवा, यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा.

इम्पोर्ट करताना थंडरबर्डमध्ये ‘चाचणी’ नावाचं नवं रिकामं कॅलेंडर बनवा आणि त्यातच आणा. चुकलं तर ते अख्खं कॅलेंडर काढून टाकायचं, की पाटी कोरी. दुहेरी नोंदींचं कारण असं की प्रत्येक नोंदीला यूआयडी नावाची ओळख असते. ओळख तीच राहिली तर ही नोंद आपल्याकडे आहे हे कळायला आधार मिळतो. तुमची वेब प्रणाली दर एक्स्पोर्टला नव्या यूआयडी देते असं दिसतंय, म्हणून प्रत्येक वेळी नव्या नोंदी. दोन फाइलींत एकाच नोंदीची यूआयडीची ओळ ताडून पाहा.

काका, पत्त्याची रीत चांगली आहे, पण ती खिडकीसारखी आहे. पलीकडचं घर बंद झालं की खिडकीतून काही दिसणार नाही. शिवाय तशी नोंद इकडून बदलता येत नाही. ताईंना सामान हलवायचंय.


रुळांवरून
मंगळवार, ११ मार्च २०२५, सकाळी ७:१०

बरोबर. माझं वाचन घाईचं झालं, खातं बंद होतंय हे मी वाचलंच नव्हतं. ताई, पत्त्याच्या भरवशावर राहू नका.


शाईदौत
मंगळवार, ११ मार्च २०२५, दुपारी २:१५

मी नाशिकला ज्युनिअर म्हणून काम करते, त्यामुळे हा धागा पोटात गोळा येऊन वाचला. ताई, तुम्ही रविवारवरून चूक पकडलीत ते फार चांगलं झालं. पण रविवारी सोमवारच्याच नोंदी पकडल्या जातात. मंगळवारची सोमवारी आली तर कुणाला कळणार?

तारखा तपासायला डायरीखेरीज आणखी एक आधार आहे. ई-कोर्ट्स या कोर्टांच्या सरकारी साइटवर प्रत्येक प्रकरणाचा सीएनआर क्रमांक असतो, १६ अक्षरी-आकडी. तो घातला की पुढची तारीख दिसते. सगळ्या नोंदी तपासणं जमणार नसेल तर निदान एप्रिलच्या सगळ्या तपासा. डायरी, ई-कोर्ट्स आणि थंडरबर्ड तिन्ही जुळलं की खूण करा.

दुसरं, मुदतीच्या नोंदी वेगळ्या काढा. कोर्टाची तारीख चुकली तर एकतर्फी आदेश किंवा दावा गैरहजेरीत निकाली निघणं, ते परत उघडायला अर्ज करता येतो. पण मुदतीचं गणित वेगळं. चेक न वटल्याची प्रकरणं तुमच्याकडे असतीलच. बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस समोरच्याला, मग महिन्याच्या आत फिर्याद. फिर्यादीला उशीर झाला तर सबळ कारण दाखवून माफ करून घेता येतो, पण नोटिशीच्या ३० दिवसांना तशी सोय नाही. या नोंदी मी कुठल्याही सूत्राच्या हवाली करणार नाही. फाइल तयार झाली तरी या हाताने पुन्हा घाला.

आणि फाइल कुठल्या साइटवर चढवू नका असं ओळंबांनी सांगितलं, त्याला माझा पूर्ण दुजोरा. नोंदींत पक्षकाराचं नाव, समोरच्याचं नाव, कधीकधी काय बोलणं झालं तेही असतं. अशिलाने वकिलाला सांगितलेलं बाहेर जाता कामा नये, जुन्या पुरावा कायद्याच्या कलम १२६ पासून हे चालत आलंय, आणि वकिलाच्या ऑफिसात बसणाऱ्या प्रत्येकाला ते लागू आहे.

नोंदी कमी का, त्याचं एक कारण सुचतं. निकाली प्रकरणं तुमच्या प्रणालीत वेगळ्या कप्प्यात जातात का? आमच्याकडे जायची, आणि एक्स्पोर्टमध्ये यायची नाहीत.


कृष्णाकाठ
रविवार, १६ मार्च २०२५, सायंकाळी ६:५०

काम झालं. उशिरा लिहितेय, कारण आठवडाभर कोर्ट चालू होतं आणि हे सगळं शुक्रवारी, धुळवडीच्या सुट्टीत बसून केलं. बाहेर पोरं रंग खेळत होती आणि मी आणि आप्पा डायरी घेऊन बसलो होतो.

झोन बदलला. घड्याळाने उडी मारली, पुन्हा जागेवर आलं. अकराच्या नोंदी अकराला आल्या, मेलच्या वेळाही सुधारल्या. हे दहा मिनिटांत झालं.

नोंदी मोजल्या. प्रत्येक नोंद ‘बिगिन:व्हीइव्हेंट’ या ओळीने सुरू होते, ती किती वेळा येते ते नोटपॅड++ मध्ये मोजलं, ३८६ आले. ४१२ मधून २६ कमी. शाईदौत, तुमचा तर्क खरा निघाला. निकाली प्रकरणांचा कप्पा वेगळा आहे आणि तो एक्स्पोर्टमध्ये येत नाही. त्यांतल्या बऱ्याच प्रकरणांत नकला मिळायच्या होत्या, दोन प्रकरणांत तर अपिलाची मुदत चालू आहे! त्या २६ नोंदी पुन्हा चालू प्रकरणांत आणल्या आणि मग नव्याने फाइल उतरवली. या दोन मुदती राहून गेल्या असत्या तर मी स्वतःला माफ केलं नसतं.

यूआयडी ताडून पाहिली, दर वेळी वेगळी आहे. जुनं कॅलेंडर काढून टाकलं, दुहेरी नोंदींचा प्रश्नच संपला.

ओळी सांधताना पहिल्यांदा चुकले. रिकामी जागा न देता नुसती ओळीची खूण काढून टाकली, तर सगळी फाइल एकाच ओळीत आली. मूळ प्रत बाजूला होती म्हणून निभावलं. दुसऱ्या वेळी नीट झालं, आणि आप्पांच्या एका पक्षकाराचं लांबलचक नाव, गावासकट, अख्खं दिसलं.

सूत्र लिहायला दोन तास गेले. व्हॅल्यू=डेटच्या नोंदी निघाल्या २९१, वेळेच्या १२१. २९१ आणि १२१ मिळून ४१२, ते जुळल्यावर मला पहिल्यांदा धीर आला. दोनच नोंदी दर महिन्याला येणाऱ्या होत्या, त्या फाइलमधून काढून हाताने घातल्या. मुदतीच्या १४ नोंदीही आप्पांनी तोंडी सांगितल्या आणि मी हाताने घातल्या. त्यांनी प्रत्येक मुदत मनाशी पुन्हा मोजली, बोटांच्या पेरांवर.

‘चाचणी’ कॅलेंडरमध्ये आणून रविवार शोधले. एकच रविवार उरला, आणि तो खरा आहे, त्या दिवशी आप्पा एका बांधाच्या वादात जागा बघायला ओंड गावी जाणार आहेत.

मग एप्रिल आणि मे तारीख-दर-तारीख तपासले. आप्पा डायरीतून वाचत होते, मी थंडरबर्डमध्ये बघत होते, आणि शंका आली की ई-कोर्ट्सवर सीएनआर घालून बघायचं. तीन ठिकाणी जुळलं नाही. दोन तारखा मी मागे चढवतानाच चुकले होते, ७ आणि १७ असा फरक. तिसरीत डायरीत ९ एप्रिल आहे, थंडरबर्डमध्येही ९, आणि ई-कोर्ट्सवर १६. आप्पांना ती तारीख कोर्टात ऐकलेली आठवते. उद्या सकाळी ते स्वतः कोर्टात जाऊन रोजनामा (प्रकरणात रोज काय झालं त्याची कोर्टाची नोंद) बघणार आहेत. तोवर दोन्ही तारखांना नोंद ठेवलीय.

जूनपासून पुढच्या तारखा अजून तपासायच्या आहेत, रोज संध्याकाळी पंधरा अशा घेतोय. पाडव्याच्या आत होतील.

एक शेवटचं विचारायचंय. संगणक बिघडला तर? वेबवर होतं तेव्हा ही काळजी नव्हती.


ओळंबा
रविवार, १६ मार्च २०२५, रात्री ९:३५

२९१ अधिक १२१ वाचून मलाही बरं वाटलं. बेरीज जुळवून बघण्याचं मी सांगायला हवं होतं, ते राहिलं होतं.

बिघडण्याबद्दल. थंडरबर्डचं स्वतःच्या संगणकावरचं कॅलेंडर त्याच्या प्रोफाइलच्या फोल्डरात, कॅलेंडर-डेटा नावाच्या कप्प्यात, लोकल.एसक्यूलाइट या एकाच फाइलमध्ये असतं. थंडरबर्ड बंद करून अख्खं प्रोफाइल पेनड्राइव्हवर घ्या. त्याखेरीज दर शनिवारी कॅलेंडर आयसीएसमध्ये एक्स्पोर्ट करा आणि फाइलच्या नावात तारीख घाला. जुन्या फाइलींवर नवी चढवू नका, निदान तीन महिन्यांच्या ठेवा. पेनड्राइव्ह ऑफिसात ठेवू नका, घरी न्या, आणि त्याला पासवर्ड लावा, त्यात पक्षकारांची नावं आहेत.

आणि आजच्या आज एकदा करून बघा: ती एक्स्पोर्ट केलेली फाइल दुसऱ्या एखाद्या संगणकावरच्या रिकाम्या कॅलेंडरमध्ये आणा आणि २१ एप्रिल उघडा.


कृष्णाकाठ
सोमवार, १७ मार्च २०२५, रात्री ८:०५

भावाच्या लॅपटॉपवर आणून पाहिलं. २१ एप्रिल, सोमवार, सात तारखा. नोंदी ४१२.

आणि रोजनामा पाहिला. १६ एप्रिलच बरोबर आहे. आप्पांनी डायरीत ९ वर रेघ मारली, पुढे १६ लिहिलं आणि खाली सही केली. मी थंडरबर्डमधली ९ ची नोंद काढली.

दर आठवड्याचं पान छापून त्यांच्या टेबलावर ठेवायचं ठरलंय. पहिलं आज ठेवलं.